भाकरी बंद, गुळाचा चहा चालू

प्रश्न: ताई, मी ४६ वर्षांची, शिवाजी पेठेत राहते. घरी सासूबाई, मिस्टर आणि कॉलेजला जाणारा मुलगा. दिवाळीनंतर तपासणी केली तेव्हा एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५.९ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहात, पोट कमी करा. मुलगा जिमला जातो. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवले, म्हणाला, ‘आई, सगळ्याचं मूळ कार्ब, म्हणजे कर्बोदकं. पूर्ण बंद कर.’ मी भात, भाकरी, चपाती सगळं सोडलं. अंडी, पनीर, चिकन आणि काकडी. पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले! पण डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, आणि चिडचिड अशी की घरातली माणसं माझ्या वाऱ्याला उभी राहीनात. शेवटी चपातीऐवजी शाळूची, म्हणजे ज्वारीची, भाकरी सुरू केली, तर त्यातले दोन किलो परत आले. सासूबाई म्हणतात, ‘भाकरी खाऊन कोण आजारी पडलंय व्हय? आमी तीन-तीन खाऊन रानात राबलो.’ मी साखर बंद करून गुळाचा चहा घेते, दिवसाला चार कप होतात. तो चालतो ना? चपाती सोडून भाकरीच खावी का? भात कायमचा सोडायचा का? मंगळवारचा उपास आणि रविवारची मिसळ यांचं काय करू? मिस्टरांना पाच वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, तेही आता माझ्यासारखंच सगळं बंद करायचं म्हणताहेत.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. म्हणून तिथूनच सुरुवात करते. मिस्टरांना आज तरी काही बंद करू देऊ नका. आधी त्यांच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा, मग जेवणात बदल.

कारण असं. शुगरच्या काही गोळ्या, म्हणजे ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. पोटात भाकरी गेलीय की नुसती काकडी, याची त्यांना फिकीर नसते. गोळी नेहमीची आणि जेवण मात्र निम्मं झालं, तर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. गाडी चालवताना असं झालं तर काय, ते मी सांगायला नको. दुसरा एक गट आहे, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना कार्ब एकदम तोडलं तर रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढून जिवावर बेतू शकतं, आणि फसवी गोष्ट अशी की त्या वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा फार मोठा दिसेलच असं नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर घरी लिंबू सरबत देत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मधुमेहात कार्ब कमी करण्याचा फायदा होतो, हे खरंच आहे. पण गोळ्यांचा डोस आणि ताटातली भाकरी ही दोन्ही एका माणसाच्या नजरेखाली कमी व्हायला हवीत, आणि तो माणूस म्हणजे तुमचा मुलगा नव्हे.

आता तुमच्याकडे येऊ.

पहिल्या आठवड्यातल्या तीन किलोंचा हिशोब आधी मिटवून टाकू, कारण सगळी भुरळ तिथंच पडते. एक किलो चरबी जाळायची तर साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. तीन किलोंना तेवीस हजार. तुमच्या वयाची, घरकाम करणारी बाई आठवडाभरात एकूण खातेच मुळी बारा-तेरा हजार कॅलरींचं. म्हणजे सात दिवस अन्नाचा कणसुद्धा घेतला नसता तरी तीन किलो चरबी गेली नसती. मग गेलं काय? पाणी. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब बंद झालं की हा साठा वापरला जातो आणि पाणी मोकळं होतं. इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडंही मीठ आणि पाणी जास्त सोडतात. डोकं ठणकत होतं, चिडचिड होत होती, त्यात याचा मोठा वाटा. भाकरी परत आली, साठा भरला, पाणीही परत आलं. ते दोन किलो भाकरीनं चढवलेली चरबी नव्हती. त्यामुळं भाकरीला त्याबद्दल बोल लावू नका आणि स्वतःलाही.

पोट साफ न होण्याचं कारण त्याहून सोपं आहे. अंडी, चिकन, पनीर या तिन्हींत फायबर शून्य. साठ ग्रॅम पिठाची एक शाळूची भाकरी सहा ग्रॅम फायबर देते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर हवं म्हणते. तुम्ही भाकरी काढलीत आणि तिच्या जागी दोन काकड्या ठेवल्यात. आतड्यांनी संप केला तर त्यांचा काय दोष?

कार्ब शरीराला लागतंच लागतं का? मेंदू एकटा दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. बाहेरून मिळालं नाही तर यकृत प्रथिनांपासून थोडं बनवतं, चरबीपासून किटोन बनवतं आणि गाडं चालू राहतं. म्हणजे कार्ब सोडलं की माणूस लगेच कोसळतो, असं मी म्हणणार नाही. पण चालू राहणं वेगळं आणि वर्षानुवर्षं निभणं वेगळं. २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये एक मोठा अमेरिकी अभ्यास आला होता. पंधरा हजारांवर माणसांचा, पंचवीसेक वर्षांचा माग काढलेला. ज्यांच्या खाण्यात निम्म्याच्या आसपास, म्हणजे ५० ते ५५ टक्के ऊर्जा कार्बमधून येत होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी. चाळीसच्या खाली गेलेलेही तोट्यात आणि सत्तरच्या वर गेलेलेही. शिवाय कार्ब काढून तिथं मांसाहार भरला त्यांचं वाईट, आणि डाळी-दाणे भरले त्यांचं बरं. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, नुसता कल दाखवतात. तरी कल बघण्यासारखा आहे.

आणि आपलं दुखणं कुठं आहे तेही बघा. आयसीएमआर-इंडियाब ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) देशभरातली मधुमेहाची पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. आपल्या खाण्यातली ६२ टक्के ऊर्जा कार्बमधून येते आणि त्यातलं बरंचसं पॉलिश केलेलं धान्य आणि साखर, असं तिच्यात निघालं. म्हणजे मुलाचं म्हणणं सगळंच खोटं नाही. आपण कार्ब जास्तच खातो. फक्त ‘जास्त आहे, कमी कर’ याचं ‘विष आहे, बंद कर’ कधी झालं ते त्या व्हिडिओवाल्यांनाच ठाऊक.

याच पाहणीतली दुसरी गोष्ट तुमच्या चपाती-भाकरीच्या प्रश्नाला थेट उत्तर देते, आणि ती कोल्हापुरात फारशी कुणाला आवडणार नाही. एकूण कार्ब तेवढंच ठेवून नुसता भाताऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरी असा बदल केला तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. धोका कमी दिसला तो कार्बमधली पाच टक्के ऊर्जा काढून तिथं डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातली प्रथिनं आणली तेव्हा.

आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक प्रयोग करा. नसेल काटा तर शेजारी मागा, हल्ली कुणी ना कुणी केक करतंच. चपातीच्या कणकेचा गोळा होण्याआधी एका चपातीला किती पीठ लागतं ते मोजा, आणि तुमच्या एका भाकरीला किती लागतं तेही मोजा. बहुतेक घरांत चपातीला तीस ग्रॅमच्या आसपास आणि भाकरीला साठच्या आसपास, हात सढळ असेल तर सत्तर. तीस ग्रॅम कणकेत १९ ग्रॅम कार्ब. साठ ग्रॅम ज्वारीत ४० ग्रॅम. म्हणजे तुम्ही तीन चपात्या सोडून तीन भाकऱ्या खायला लागलात, तर कार्ब कमी झालं नाही, दुप्पट झालं. वर ‘मी आता फक्त शाळू खाते’ याचं समाधान!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली आपल्या अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यातले आकडे बघा. शंभर ग्रॅम ज्वारीत फायबर १०.२ ग्रॅम, बाजरीत ११.५, नाचणीत ११.२ आणि गव्हाच्या सबंध पिठात ११.४. पांढऱ्या तांदळात २.८. गव्हाला खलनायक करायचं कारणच दिसत नाही. मात्र ते पीठ गिरणीतून दळून आणलेलं, कोंड्यासकट हवं. बारीक वस्त्रगाळ पिठाच्या मऊसूत चपात्या करायच्या आणि गव्हाला नावं ठेवायची, हा काही न्याय नाही. ज्वारीची भाकरी मी स्वतः आवडीनं खाते, नाचणीत तर शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे आणि चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी गगनबावडा-राधानगरीकडची नाचणी आठवड्यातून दोन-तीनदा खावीच. पण धान्याचं नाव बदललं म्हणून प्रमाण वाढवायची मुभा मिळत नाही.

सासूबाईंचं म्हणणं खोडून काढू नका. त्या खरंच बोलताहेत. तीन भाकऱ्या खाऊन त्या भांगलणीला जायच्या, उसाच्या मोळ्या डोक्यावरून आणायच्या, पाणी शेंदायच्या. आपल्याकडे तालमीतला पैलवान दूध, तूप, बदामाची थंडाई पितो आणि खुराक पचवतो, कारण पहाटे उठून तो हजार-हजार जोर-बैठका काढतो आणि आखाड्यातली माती खणतो. स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. खुराक पैलवानाचा आणि काम गल्ल्यावर बसायचं, असं झालं की पोट वाढतं. भारतीय बायकांमध्ये कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका धरतात, पुरुषांत ९०. आपल्याकडची माणसं हातापायांनी किडकिडीत आणि पोटानं भरलेली असतात, त्यांना चरबी आत, यकृताभोवती साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर बरंच काम केलंय. त्यामुळं वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप तुम्हाला जास्त खरं सांगेल. बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, महिन्यातून एकदा.

मग करायचं काय? ताट उलटं वाढा, एवढंच सांगते. आपल्याकडे ताटाचा राजा भाकरी, आणि भाजी-आमटी तिला लावून खायला. खर्डा, शेंगदाण्याची चटणी, कांदा फोडून दोन भाकऱ्या सहज उतरतात, आणि चव म्हणाल तर नाद खुळा. पण त्या जेवणात प्रथिनं किती गेली आणि भाजी किती? चवीपुरती. आता असं करा: जेवायला बसताना आधी निम्मं ताट भाजी आणि कोशिंबिरीनं भरा. पोकळा, मेथी, शेपू, दोडका, वांग्याचं भरीत, मुळा, काकडी, कांद्याची पात, जे बाजारात स्वस्त असेल ते. बटाटा यात धरायचा नाही, तो भाकरीच्या बाजूचा गडी. उरलेल्या अर्ध्यात एका बाजूला मोड आलेली मटकी, चवळी, पावटा, हुलग्याची घट्ट उसळ, झुणका, अंडी किंवा मासे, नाहीतर मोठी वाटी दही. आणि राहिलेल्या पाव ताटात एक भाकरी किंवा दोन चपात्या. भूक राहिली तर उसळ परत घ्या, भाकरी नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही धान्यांचा वाटा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या आत ठेवा असंच म्हणतात.

उसळीतही कार्ब असतं, हे मुलगा तुम्हाला नक्की ऐकवेल. असतं की. कोरड्या मटकीत निम्म्याहून जास्त कार्बच. पण त्यासोबत शेकडा वीस-बावीस प्रथिनं आणि भरपूर फायबर येतं, त्यामुळं साखर रक्तात हळूहळू उतरते. एक मात्र, उसळ म्हणजे वाटीभर मटकी. रश्शात पोहणारे चार दाणे नव्हेत. अनेक घरांत आमटीतून डाळ शोधावी लागते.

खायचा क्रमही बदलून बघा. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी. जेवण तेच ठेवून फक्त क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, असं प्रयोगांत दिसलंय. आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं चाला. रंकाळ्यावर जाणं जमलं तर सोन्याहून पिवळं, नाहीतर गल्लीतल्या गल्लीत, मालिकेच्या जाहिरातीत घरातल्या घरात.

गूळ. हा भाग मला जरा सविस्तर लिहावा लागणार, कारण कोल्हापुरात गुळाविरुद्ध बोलणं म्हणजे ओढवून घेणंच. आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, शाहूपुरीतली गुळाची पेठ जुनी, आणि गुऱ्हाळावर काहिलीतल्या गरम गुळाचा वास ज्यानं घेतलाय त्याला मी काय सांगणार? तर चवीबद्दल वाद नाही. पण शंभर ग्रॅम गुळात ८५ ग्रॅम कार्ब आहे आणि ते जवळजवळ सगळं साखरच. लोह असतं, हो, शंभर ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. चहातल्या एका चमच्याच्या, पाच ग्रॅम गुळातून किती आलं? पाव मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि तुमच्या वयाच्या, पाळी चालू असलेल्या बाईची दिवसाची गरज आयसीएमआरच्या हिशोबानं २९. वर चहा स्वतः लोह शोषायला आडवा येतो. म्हणजे लोहासाठी गुळाचा चहा, हे दोन्हीकडून बुडणं झालं.

तुमचे चार कप घ्या. कपाला दोन चमचे गूळ, म्हणजे दहा ग्रॅम. दिवसाला चाळीस ग्रॅम गूळ, त्यातली साखर ३४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, ज्यात गूळ, मध, काकवी आणि फळांचे रसही आले, एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. दोन हजार कॅलरींना पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. तुम्ही भाकरी बंद केली होती त्या दिवसांतही हे चालूच होतं! शाळूनं काही गुन्हा केला नव्हता, गुन्हेगार चहाच्या कपात बसला होता. चहासोबत बुडवायला खारी नाहीतर बटर असेल तर तो मैदा आणि तूप वेगळं. पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण कोल्हापुरात नुसता चहा पिणारं माणूस मला अजून भेटायचंय.

चहा सोडा असं मी म्हणणार नाही. चारचे दोन करा, कप अर्धा करा, आणि गूळ दोन चमच्यांवरून दीड, मग एक, मग अर्धा असा दर आठवड्याला उतरवा. जीभ तीन-चार आठवड्यांत रुळते. एकदम बिनसाखरेचा चहा केलात तर तिसऱ्या दिवशी तुम्ही परत दोन चमच्यांवर याल. उन्हाळ्यात रसवंतीवरचा पेलाभर उसाचा रस म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपास साखर, तो ‘नैसर्गिक’ आहे म्हणून पाण्यासारखा प्यायचा नाही. महिन्यातून एकदा पोरांबरोबर अर्धा पेला, झालं.

भात कायमचा सोडू नका, कारण आपल्या माणसाला कायमचा भात सोडता येत नाही. चार महिने सोडतात आणि लग्नाच्या पंगतीत वसूल करतात. भाकरी झाल्यावर वर दोन डाव भात ही जी सवय आहे ती मात्र सोडा. एका जेवणाला एकच: भाकरी नाहीतर भात. वाटीभर शिजलेल्या भातात २८ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतं, म्हणजे चपात्या दीड. आजऱ्याचा घनसाळ असेल तर वाटीभरातच मन भरतं, वासानंच निम्मं पोट भरतं. त्यावर घट्ट आमटी, बाजूला पालेभाजी. रात्री भात खाल्ल्यानं जाडी वाढते असं जे म्हणतात त्यात भातापेक्षा रात्री दहाला जेवून साडेदहाला झोपण्याचा हात जास्त. शिळ्या, गार झालेल्या भातात थोडा स्टार्च न पचणारा होतो आणि साखर जरा कमी चढते, हे खरं आहे. फरक थोडा आहे, आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये. नाहीतर साखर उतरेल पण पोट बिघडेल.

मंगळवारच्या उपासाला ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ लागू पडतं का ते तुम्हीच बघा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिनं नाहीत, फायबर नाही. वरून बटाटा, वरून साखर, वरून तूप. त्यापेक्षा वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, एखादं फळ. साबुदाणा करायचाच तर साबुदाणा निम्मा, दाण्याचं कूट दुप्पट, सोबत दही-काकडी.

रविवारची मिसळ चालू द्या. खरं तर मिसळीतली मटकी ही त्या ताटातली सगळ्यात गुणी गोष्ट, बिचारी फरसाणाखाली दबलेली असते. गडबड ब्रेडची. चार स्लाइस म्हणजे पन्नास-पंचावन्न ग्रॅम मैद्याचं कार्ब, एका मोठ्या भाकरीपेक्षा जास्त, फायबर नावाला. आणि कट संपला की कट मागवायचा, कट उरला की ब्रेड मागवायचा, हे चक्र थांबत नाही. घरी केलीत तर मटकी दुप्पट घाला, फरसाण मूठभर नको, चिमूटभर वरून, तवंग थोडा बाजूला करा, कांदा-लिंबू भरपूर, ब्रेड दोन. बाहेर गेलात तर दुपारचं जेवण हलकं ठेवा. तांबड्या-पांढऱ्याचंही तेच: रश्शात कार्ब फारसं नसतं, पण वाटीमागून वाटी ओरपताना तिच्यासोबत भाकऱ्या किती गेल्या याचा पत्ता लागत नाही. ताटात आधी एक भाकरी घ्या आणि टोपली आत ठेवून द्या. पांढऱ्या रश्शातलं नारळाचं दूध आणि काजू-तीळ यांचा हिशोब वेगळा, तो परत कधीतरी.

मुलाला रागावू नका. आईची काळजी घेणारा पोरगा आहे. फक्त त्याला दोन गोष्टी सांगा. एक, जोरदार व्यायाम करणाऱ्या माणसाच्या स्नायूंना ग्लायकोजेन लागतंच, त्यामुळं वीस-बावीस वर्षांच्या पोरानं भाकरी सोडून वजनं उचलण्यात शहाणपणा नाही. दोन, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं सहाशे नऊ माणसांवर वर्षभर प्रयोग केला, अर्ध्यांना कमी कार्ब, अर्ध्यांना कमी चरबी. २०१८ साली निकाल आला: वर्षाअखेर एका गटाचं वजन सरासरी सहा किलो उतरलं, दुसऱ्याचं सव्वापाच. म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांना मैदा आणि साखर कमी करा, भाज्या वाढवा, हेच सांगितलेलं होतं.

राहता राहिलं तुमचं ५.९. मधुमेहपूर्व टप्पा ५.७ ते ६.४ असा धरतात, म्हणजे तुम्ही त्याच्या खालच्या टोकाला आहात आणि हातात वेळ आहे. हा आकडा साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणून महिन्याभरात परत तपासून हिरमुसू नका. तीन महिने हे ताट चालू ठेवा आणि त्याच लॅबमध्ये परत करा, सोबत उपाशीपोटीची साखर. आणि एक विचारते, कारण पत्रात नाही: पाळीला रक्तस्राव जास्त जातो का? हिमोग्लोबिन कधी बघितलं होतं? लोहाच्या कमतरतेनं अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) दोन्ही त्याच नमुन्यात करून घ्या, आणि तिन्ही रिपोर्ट डॉक्टरांना एकत्र दाखवा.